नवागताचे देणे

उज्जयिनीच्या रामघाटावर क्षिप्रेची सायंआरती चालू असता मराठी बोल सहज कानी पडतात. काही यात्रेकरूंचे, तर काही तेथेच पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या घराण्यांचे. अठराव्या शतकात शिंद्यांच्या राज्याबरोबर ही मंडळी माळव्यात आली. महाकालेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केला. पुढे बायजाबाई शिंदे यांनी गोपाळमंदिर उभारले. १८१० च्या सुमारास राजधानी ग्वाल्हेरीस गेली, तरी अनेक घरे उज्जैनीतच राहिली. परक्या गावी मनुष्य रुजतो, तो केवळ कमाईने नव्हे. त्या गावास काही दिल्याने रुजतो.

परंतु सत्तेच्या आधाराने येणारे थोडे. रिकाम्या हाताने येणारेच फार. यंत्रमागांमुळे हातमागाचा धंदा बुडाला, म्हणून १८४८ साली स्कॉटलंडमधील एक विणकर कुटुंबासह अमेरिकेत पिट्सबर्गलगत येऊन राहिला. त्याचा मुलगा अँड्र्यू कार्नेगी कापडगिरणीत आठवड्यास १ डॉलर २० सेंटवर राबला आणि पुढे पोलादाचा मोठा कारखानदार झाला. अडीच हजारांवर ग्रंथालयांस त्याने द्रव्य दिले. तथापि १८९२ मध्ये त्याच्याच होमस्टेड येथील कारखान्यात मजुरीच्या कपातीवरून रक्त सांडले. त्या कामगारांत युरोपातून पोटासाठी आलेलेही पुष्कळ होते. कालचा नवागत आजच्या नवागतास विसरला!

हे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही. उज्जैनीजवळच इंदुरात सर सेठ हुकुमचंदांनी काढलेली गिरणी त्यांच्या पश्चात अनेक वर्षांनी, गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात बंद पडली. कामगारांचे थकलेले सुमारे २२४ कोटी रुपये चुकते होण्याचा मार्ग मोकळा झाला, तो डिसेंबर २०२३ मध्ये. तोवर कित्येकांनी डोळे मिटले होते.

व्यापारी बंधूंनो, आपल्यापैकी अनेकांचे पूर्वजही लोटा-दोर घेऊनच मारवाडातून वा गुजरातेतून येथे आले. कोणी ओसरी दिली, कोणी उधारीवर माल दिला, म्हणून पेढी उभी राहिली. आज आपल्या दुकानात परगावचे पोर गोणी उचलते, तेव्हा त्या उपकाराची फेड करण्याची वेळ आपली आहे. दान श्रेष्ठ खरे. पण दानाच्या पावतीने मजुरीचे देणे फिटत नाही. म्हणून दिवाळीस नव्या वहीचे पूजन करण्यापूर्वी नोकरमाणसांचा पगार व त्यांच्या निधीची रक्कम चुकती करावी, आणि त्यांच्या निवाऱ्याची विचारपूस करावी. असा नेम प्रत्येक सभासदाने पाळला, तरच वहीवर लिहिलेले ‘शुभ-लाभ’ खरे ठरेल.