माशांची बदली

नोकरदार माणसाची बदली झाली की घरातल्या कोणत्या वस्तूचं काय करायचं, याचे संकेत आपल्याकडे पक्के आहेत. देव बायकोच्या मांडीवर. लोणच्याची बरणी ड्रायव्हरशेजारी. गाद्या दोरीनं आवळून टपावर. तुळस शेजारणीला. या बाबतीत अडाण्यातला अडाणी माणूससुद्धा चुकत नाही. पण माशांची टाकी समोर आली की पदवीधर माणसाची अक्कल टाकीच्या तळाशी जाऊन बसते आणि बुडबुडेसुद्धा सोडत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी बँकेत कारकून आहे, आणि बँकेत बदली पावसाळ्याइतकीच नेमानं येते आणि तितकीच लहरीपणानं. तीर्थपुरीसारख्या गावी साहेब येतो तो एकटा, कुटुंब मागं शहरात. संध्याकाळी करमेना म्हणून तो जालन्याहून दोन फुटांची टाकी आणतो. कुणीतरी सांगितलेलं असतं की आठ सोनेरी मासे आणि एक काळा ठेवला की लक्ष्मी येते. लक्ष्मी येत नाही, बदलीचा हुकूम येतो. मग त्या नऊ जिवांचं जे होतं, त्याविरुद्ध हा लेख आहे.

आमच्याच तालुक्यात जांब गाव आहे, समर्थ रामदासांचं जन्मगाव. समर्थांनी दासबोधात मूर्खांची लक्षणं सांगितली आणि तेवढ्यानं भागेना म्हणून पढतमूर्खांची वेगळी सांगितली. त्या काळी काचेच्या टाक्या नव्हत्या, नाहीतर एक समास वाढला असता.

पहिला नमुना म्हणजे 'टाकी तशीच उचला' म्हणणारा. मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे हिशेब मांडतो. दोन फूट गुणिले एक गुणिले एक म्हणजे दोन घनफूट, म्हणजे काठोकाठ भरली तर 56 लिटर पाणी. लिटरला एक किलो. वर काच, खडी आणि तो प्लास्टिकचा राजवाडा धरला तर सत्तर किलोच्या आसपास. हे वजन काचेच्या पाच तुकड्यांनी पेललेलं असतं, आणि ते तुकडे सिलिकॉनच्या एका रेघेनं एकमेकांना धरून असतात. सपाट टेबलावर ही व्यवस्था वर्षानुवर्षं टिकते. घनसावंगी-अंबडच्या रस्त्यावर टेम्पोत टिकेल, असं ज्याला वाटतं त्याला माझ्या मते कर्ज मंजूर करण्याचे अधिकार देऊ नयेत. अर्धी रिकामी केली तरी उरलेलं पाणी प्रत्येक वळणाला काचेवर धडका मारतं, आणि खडी माशांवर. टाकी रिकामीच न्यायची आणि मासे वेगळे, यात वाद घालण्यासारखं काही नाही.

दुसरा नमुना अधिक घातक, कारण तो स्वच्छ असतो. नव्या घरी जायचं म्हणून तो टाकी भांड्यांच्या साबणानं घासतो, खडी उन्हात वाळवतो, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत पिळतो, आणि मग ताज्या पाण्यात मासे सोडतो. चार-पाच दिवसांत मासे उलटे. मग म्हणतो, 'या गावचं पाणीच वाईट.' गावाला कशाला बोल लावता साहेब? कारकून तुम्ही मारलेत!

हे कारकून म्हणजे स्पंजातले आणि खडीवरचे जिवाणू. मासा श्वासावाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया टाकतो, आणि अमोनिया त्याला जाळतो. पहिल्या टेबलावरचे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच. ते दुसऱ्या टेबलावर जातं, तिथं त्याचं नायट्रेट होतं, जे मासा बऱ्यापैकी सोसतो. दोन टेबलं, दोन सह्या, मगच फाईल निकाली. हा स्टाफ नव्या टाकीत आपोआप भरती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत फाईली साचतात आणि ग्राहक मरतो. म्हणून बदलीत माशांइतकाच, किंबहुना आधी, स्पंज सांभाळायचा. जुन्या टाकीच्याच पाण्यात ओला ठेवून, झाकणाच्या डब्यात. धुवायचा नाही, वाळवायचा नाही. घरात बायको 'हे घाणेरडं फडकं कशाला नेताय?' म्हणेल. तिथं मात्र पुरुषानं एकदा तरी ठाम राहून बघावं.

आणि नळाचं पाणी. टाकीत टीसीएल पावडर पडते ती आपल्या पोटासाठी, माशांच्या कल्ल्यांसाठी नव्हे. त्यातला क्लोरीन उडून जायला पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवायचं. घाई असेल तर हायपोचे चार-दोन खडे, म्हणजे जुने फोटो स्टुडिओवाले अंधाऱ्या खोलीत वापरत तेच रसायन.

आता ज्या गोष्टीनं माझं डोकं खरं फिरतं ती सांगतो. या भागात शेततळी आहेत. त्यांत रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडतात. ती घेऊन येणारा माणूस बहुधा शाळा अर्ध्यावर सोडलेला असतो. पण त्याचं काम बघा. निघण्याआधी तो बोटुकलीला दिवसभर उपाशी, स्वच्छ पाण्यात ठेवतो, म्हणजे पोट रिकामं होतं आणि वाटेत पाणी नासत नाही. पिशवीत एक तृतीयांश पाणी, बाकी ऑक्सिजन. पिशवीवर पिशवी, खोक्यात बंद, उन्हं उतरल्यावर किंवा भल्या पहाटे प्रवास, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. तळ्याशी आल्यावर तो पिशवी तशीच बंद, पाण्यावर तरंगत ठेवतो, आतलं-बाहेरचं पाणी सारखं गार होईतो. मग सोडतो.

ज्या माशाचं शेवटी कालवण व्हायचं, तो असा राजासारखा प्रवास करतो. आणि ज्याला साहेबांची मुलगी 'सोन्या' म्हणून हाक मारते, तो मे महिन्याच्या दुपारी, सकाळी पोटभर खाऊन, बादलीत, सामानाच्या ट्रकमध्ये, इस्त्रीशेजारी! बोटुकलीवाल्याला त्यात मिळतं ते मजुरीपुरतं. साहेब प्रवासभत्ता घेतो.

उलट टपाली कुणी म्हणेल, 'अहो, तीस रुपयांचा मासा. मेला तर नवा आणू.' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की ऐकताच कान तापतात. नीट ठेवलेला गोल्डफिश दहा वर्षं आणि त्याहूनही जास्त जगतो. म्हणजे तो तुमच्या तीन बदल्या पाहू शकतो, मुलीची दहावी पाहू शकतो. तीस रुपये ही त्याची किंमत नव्हे, दुकानदाराची पावती आहे. मुलीला तुम्ही 'सोन्या देवाघरी गेला' म्हणून सांगता. ती विचारत नाही, पण तिला ट्रक दिसलेला असतो.

याहून सज्जन दिसणारा एक वर्ग आहे, पुण्यवान. तो म्हणतो, 'गोदावरी इथून जवळ. नदीत सोडून देतो, सुटतील बिचारे.' बिचारे कोण? मऊ शेपटीचा सोनेरी मासा नदीत दिवस काढणार नाही. आणि जो काढतो, तो जास्त वाईट. चिलापी 1952 साली आपल्या देशात आणली गेली, आणि आज उजनीच्या कोळ्यांना विचारा, त्यांच्या जाळ्यात देशी मासा किती आणि चिलापी किती. टाकीची काच चाटणारा तो सकर मासासुद्धा अशाच पुण्यवंतांच्या कृपेनं धरणांत पोचला आहे. अंगाला चिलखत, जाळी फाडतो, बाजारात विचारत कुणी नाही. नदीकाठच्या भोयानं तुमचं काय घोडं मारलं होतं? मासे न्यायचे नसतील तर ज्याच्या घरी चालू टाकी आहे त्याला द्या. शाखेतला शिपाईसुद्धा आनंदानं घेईल, आणि साहेबापेक्षा बरा सांभाळेल.

नेणाऱ्यासाठी एवढंच उरलं. पिशवीत फायटर एकटा, त्याचा कुणाशी जमत नाही आणि त्याला वरची हवाही लागते. औषधाच्या दुकानात मागितलं तर थर्मोकोलचं खोकं मिळतं, त्यात पिशव्या ठेवून अंधार करायचा. नव्या घरी आधी टाकी लावायची, पलंग नंतर. लांबच्या प्रवासानंतर पिशवी उघडून पत्ते शोधत बसायचं नाही. बंद पिशवीत श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठून पाणी जरा आंबट झालेलं असतं, आणि त्या पाण्यात अमोनियाची नांगी बोथट राहते. तोंड सोडलं की वायू उडतो आणि नांगी पुन्हा धारदार होते. म्हणून वीसेक मिनिटं बंदच तरंगवा, मग उघडा, मासे जाळीनं उचलून टाकीत, आणि पिशवीतलं पाणी मोरीत.

त्या रात्री टाकीचा दिवा लावू नका. नवे शेजारी 'मासे आणलेत वाटतं!' म्हणत येतीलच. त्यांना पोहे द्या. माशांना दुसऱ्या दिवसापर्यंत काही नको.