संगणकाशी ओळख : नवी आवृत्ती घ्यावी की थांबावे?



गेल्या रविवारी सकाळी आमच्या वसाहतीतली एक मुलगी वडिलांना बरोबर घेऊन घरी आली. ही मुलगी शाळांसाठी संगणकावरचे धडे तयार करते. चित्र, आवाज, हलती आकृती आणि शेवटी प्रश्नोत्तरे, हे सगळे एकत्र गुंफले की एक धडा होतो. अशा कामाच्या सॉफ्टवेअरला मल्टिमीडिया ऑथरिंगचे सॉफ्टवेअर म्हणतात. तिच्याकडे सहा वर्षांपूर्वी एकरकमी पैसे भरून घेतलेली आवृत्ती आहे. आता नवी आवृत्ती निघाली आहे, पण ती विकत मिळत नाही. वर्षाची वर्गणी भरून वापरायची.

"काका, घेऊ की नको?" एवढाच तिचा प्रश्न.

वडील म्हणाले, "पोरीचं काम वाढणार असेल तर फंडातले पैसे काढतो. पण धाकट्याची कॉलेजची फी पण त्यातूनच जायची आहे."

प्रश्न एका घरचा नाही, म्हणून इथे लिहीत आहे.

मी तिला आधी डायरेक्टर नावाच्या सॉफ्टवेअरची हकीकत सांगितली. या कामातले ते एके काळी मोठे नाव होते. १९८५ मध्ये मॅक्रोमाइंड या अमेरिकन कंपनीने मॅकिन्टॉश संगणकासाठी व्हिडिओवर्क्स काढले, तेच पुढे डायरेक्टर झाले. त्याची रचना नाटक मंडळीसारखी होती. पडद्यावरची जागा म्हणजे स्टेज, चित्रे आणि आवाज म्हणजे कास्ट, कोणी केव्हा यायचे आणि जायचे याचा तक्ता म्हणजे स्कोअर. पात्रांना हुकूम देण्याची भाषा होती लिंगो. नव्वदच्या दशकात शैक्षणिक सीडी आणि खेळ करणाऱ्या कितीतरी जणांचे पोट त्यावर चालले.

पुढे कंपनीचे नाव मॅक्रोमीडिया झाले आणि २००५ मध्ये ती अॅडोबीने घेतली. २००४ च्या आवृत्तीनंतर पुढची, म्हणजे अकरावी, आवृत्ती यायला २००८ साल उजाडले. या चार वर्षांत वापरणाऱ्यांच्या मनात एकच शंका होती, हे सॉफ्टवेअर जगणार की नाही? अकरावी आवृत्ती आली तेव्हा तिच्यात युनिकोडची सोय होती. आपल्याकडच्या लोकांना त्याचे मोल लगेच कळेल. त्याआधी मराठी मजकूर खास फॉन्टमध्ये बसवावा लागे. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की 'शाळा' या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसे. म्हणजे पैसे मोजावेत असे कारण त्या आवृत्तीत खरोखर होते.

पण पुढे काय झाले तेही ऐका. बारावी आवृत्ती २०१३ मध्ये आली आणि तीच शेवटची ठरली. १ फेब्रुवारी २०१७ पासून डायरेक्टरची विक्री बंद झाली. ब्राउझरमध्ये त्याचे धडे दाखवणारा शॉकवेव्ह प्लेअर ९ एप्रिल २०१९ ला गेला. त्याचा धाकटा भाऊ फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला संपला. ज्यांचे धडे फक्त त्याच स्वरूपात होते, त्यांच्या मेहनतीला वेबवर दार उरले नाही.

मुलगी हिरमुसली. "म्हणजे घेऊच नको?"

तसे नव्हे. यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, आवृत्ती नवी आहे एवढे कारण पुरत नाही. दुसरी, सॉफ्टवेअर जाते, आपले काम राहिले पाहिजे. मग आम्ही तिघे वही घेऊन बसलो आणि चार प्रश्न लिहिले.

पहिला प्रश्न : नव्या आवृत्तीतली कोणती सोय तुला उद्याच्या कामाला लागणार आहे? जाहिरातीत वीस सोयी असतात. तिने विचार करून एकीवर खूण केली. मोबाईलच्या लहान पडद्यावर धडा आपोआप नीट बसतो, ती. बाकीच्या एकोणीस बघायला छान.

दुसरा प्रश्न : ती सोय मागणारे गिऱ्हाईक आहे का? एका शाळेने विचारले आहे, पण लेखी काम अजून दिलेले नाही. वडील पटकन म्हणाले, "मग अजून पाहुणा आलाच नाही. आपण आधीच मटण आणायचं?" आम्ही तिघेही हसलो.

तिसरा प्रश्न : परतीची वाट आहे का? जुन्या आवृत्तीची फाईल बहुधा नव्या आवृत्तीत उघडते. नवीत साठवलेली फाईल मात्र जुनीत सहसा उघडत नाही. त्यात वर्गणी थांबली की सॉफ्टवेअरही थांबते, मग आपलीच फाईल आपल्याला दुरुस्त करता येत नाही. म्हणून मूळ फाईलला हात लावायचा नाही, तिची नक्कल काढून त्यावरच प्रयोग करायचा.

चौथा प्रश्न : चाचणी घेतली का? बहुतेक कंपन्या काही दिवस फुकट वापरू देतात. त्या दिवसांत कंपनीचा नमुना उघडून बघण्यात अर्थ नाही. आपला सर्वांत अवघड धडा उघडावा. जोडाक्षरे नीट उमटतात का? आवाज आणि चित्र बरोबर चालतात का? वरून जोडलेली छोटी प्रोग्राम नव्या आवृत्तीत चालतात का? आणि आपल्या जुन्या संगणकाला ते झेपते का? नाहीतर सॉफ्टवेअरच्या पाठोपाठ नव्या संगणकाचा खर्च उभा राहतो. तो कोणी आधी सांगत नाही.

वडिलांनी हळूच विचारले, "रस्त्यावर शंभर रुपयांत मिळतं म्हणतात, ते?" चोरटी प्रत घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगितले. तिच्यातून व्हायरस येतो, आणि गिऱ्हाइकाला कळले तर मुलीचे नाव जाते. पैसे नसतील तर सरळ रस्ता आहे. चित्रांसाठी इंकस्केप आणि क्रिटा, आवाजासाठी ऑडॅसिटी, हलत्या आकृत्यांसाठी ब्लेंडर ही सॉफ्टवेअर फुकट आणि कायदेशीर आहेत. प्रश्नोत्तरांच्या धड्यासाठी एच-फाईव्ह-पी आहे. शिकायला वेळ लागतो, पण फंडाला हात लागत नाही.

शेवटी ठरले ते असे. फंडातले पैसे काढायचे नाहीत, धाकट्याची फी आधी. शाळेने लेखी काम आणि आगाऊ रक्कम दिली की वर्गणी भरायची, तीही जमल्यास महिन्याची, आणि तो खर्च कामाच्या दरात धरायचा. तोवर या आठवड्यात जुने सगळे धडे एचटीएमएल-फाईव्हमध्ये काढून ठेवायचे, म्हणजे ते कोणत्याही चालू ब्राउझरमध्ये दिसतील. चित्रे, आवाज आणि युनिकोडमधला मजकूर वेगवेगळ्या फोल्डरमध्ये, दोन ठिकाणी जपायचा.

निघताना मुलगी म्हणाली, "काका, मला वाटलं होतं तुम्ही हो किंवा नाही म्हणाल."

मी म्हटले, "हो किंवा नाही तूच म्हणालीस की. आम्ही फक्त वही धरली."

वडील जिना उतरता उतरता वळून म्हणाले, "ती वही आमच्याकडंच राहू द्या. धाकटा मोबाईल मागतोय."