वस्तू विणली, धाडायची कशी?

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील बांबूविषयी जो वाद वर्षानुवर्षे चालला, तो मुख्यतः बांबू जंगलातून बाहेर न्यावयाचा तो कोणाच्या परवानगीने, याविषयीचा होता. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेस २७ एप्रिल २०११ रोजी वाहतूक परवाने देण्याचा अधिकार मिळाला. पुढे २०१७ साली वनक्षेत्राबाहेरील बांबू कायद्याच्या दृष्टीने 'वृक्ष' राहिला नाही. बांबूची वाट अशी बरीच मोकळी झाली. परंतु त्याच बांबूचा घरी केलेला दिवा पुण्याच्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचविण्याची वाट बिकटच राहिली असून तिची चर्चा सहसा कोणी करीत नाही.

चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे २०१४ साली बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. अशा प्रशिक्षणातून किंवा निव्वळ हौसेतून ज्या घरांत टोपल्या, दिवे, राख्या तयार होऊ लागल्या, त्यांना गिऱ्हाईक मिळत नाही असे नाही. मागणी भ्रमणध्वनीवर येते, पैसेही क्षणात जमा होतात. कष्ट सुरू होतात ते त्यानंतर. पुठ्ठ्याची पेटी शोधणे, रद्दी भरणे, पत्ता लिहिणे, कचेरीच्या वेळेत पार्सल नेऊन देणे आणि 'अजून पोहोचले नाही' या तक्रारीस उत्तर देणे, ही सारी कामे घरातलीच माणसे करतात आणि त्यांची मजुरी कोणीच धरीत नाही.

खरी मेख भाड्यात आहे. पेटीची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करावयाचा, त्यास बहुधा ५००० ने भागावयाचे आणि येणारा आकडा किलोग्रॅम समजावयाचा, ही खासगी कुरियरची रीत आहे. प्रत्यक्ष वजन आणि हे कागदी वजन यांपैकी जे अधिक, त्यावर भाडे पडते. अर्ध्या किलोचा दिवा ४० × ३० × ३० सेंटिमीटरच्या पेटीत घातला की तो ७.२ किलोचा होतो! बांबूचा हलकेपणा हा त्याचा गुण. येथे तोच अंगावर येतो. राखी मात्र पाकिटात मावते. म्हणून दिव्यापेक्षा राखीचा व्यवहार सुटसुटीत ठरतो, यात कारागिरीच्या कमीअधिकपणाचा संबंध नाही.

करव्यवस्थेनेही एक गंमत करून ठेवली आहे. हस्तकलेच्या लहान विक्रेत्यास वस्तू व सेवा कराच्या नोंदणीतून ठरावीक उलाढालीपर्यंत सूट आहे. पण अशा विक्रेत्याने परराज्यात माल धाडला तर त्याची किंमत कितीही अल्प असो, ई-वे बिल हवे. तीनशे रुपयांच्या टोपलीसाठीही! टपाल खात्यामार्फत जाणारा माल या बिलातून मुक्त आहे, ही गोष्ट प्रशिक्षणवर्गात पहिल्याच दिवशी सांगावयास हवी. त्याच टपाल खात्याने २०२५ साली रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन केले, हे लहान विक्रेत्याच्या दृष्टीने फारसे सुखाचे नाही.

तेव्हा प्रशिक्षणात विणकामाइतकेच पार्सलालाही स्थान हवे. एकात एक बसणाऱ्या टोपल्या, सुटे भाग करून सपाट धाडता येणारा दिवा, ठरावीक दोन-तीन मापांच्याच पेट्या आणि पेटी व टपालखर्च धरून सांगितलेली किंमत, एवढ्याने पुष्कळ काम होईल. उरलेले टपाल खात्याचे आहे. अहेरी, मूल, धानोरा यांसारख्या ठिकाणच्या कचेऱ्यांनी आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी गावोगावची पार्सले उचलावीत. जादा माणूस नेमण्याचीही कदाचित गरज पडणार नाही. जो डाकसेवक पत्रे घेऊन येतो, तोच परतताना पेट्या नेऊ शकेल.

पावसाळ्याचा हिशेब वेगळा. राखीचा हंगाम श्रावणात, आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा मार्ग तुटतो. तिकडच्या घरांनी राखीच्या मागण्या आषाढातच बंद कराव्यात आणि गिऱ्हाइकास तसे आधीच कळवावे.