वाघ नसलेलं झू

प्राणिसंग्रहालय म्हटलं की वाघ पाहिजेच, हा आपल्याकडचा न लिहिलेला नियम आहे. हत्ती असला तर उत्तम, सिंह असला तर अतिउत्तम, पण वाघ नसेल तर ‘मग तिकीट कशाचं घेता?’ माझं मत नेमकं उलटं आहे. शहरातल्या छोट्या, मुलांसाठी काढलेल्या झूमध्ये वाघ नसावाच. मंडळी, दगड खाली ठेवा, सांगतो.

इथे सॅन होजेत केली पार्कमध्ये ‘हॅपी हॉलो’ नावाची जागा आहे. १९६१ साली सुरू झालेली, सगळी मिळून १६ एकर. त्यातच मुलांच्या राइड्स, बाहुल्यांच्या खेळांचं थिएटर, डॅनी नावाच्या ड्रॅगनची गाडी आणि झू. मधे २००८ ते २०१० बंद ठेवून सगळं नव्याने बांधलं. आई-बाबा सध्या आमच्याकडे आहेत, म्हणून मागच्या शनिवारी अख्खी वरात घेऊन गेलो. लेक साडेतीन वर्षांची. डबे, बाटल्या, स्ट्रोलर आणि आईची शाल (ऊन मी म्हणत होतं, तरीही!)

तासाभराने बाबांनी विचारलंच, "अरे, वाघ कुठाय?"
"इथे नाहीये बाबा."
"सिंह?"
"तोही नाही."
"मग आहे काय?"
लेमूर होते, मीरकॅट होते आणि बकऱ्या होत्या.
"म्हणजे बकऱ्या बघायला डॉलर मोजलेस!" बाबा अस्सल सदाशिव पेठी आवाजात म्हणाले.

लेक मात्र त्या बकऱ्यांपाशी पाऊण तास होती. हातात ब्रश, आणि शेजारी आजी. आईचं बालपण गावाकडचं. "कपाळावर हात नको नेऊस गं, ती ढुशी देईल. मानेखाली खाजव," वगैरे चालू होतं. मला सगळ्यात आवडली ती एक साधी गोष्ट. कंटाळलेली बकरी कुंपणापलीकडे निघून जाऊ शकते आणि तिथे मुलांना जायची परवानगी नसते. लेकीची लाडकी बकरी अशीच उठून गेली. रडारड झाली. पण ‘तिला आत्ता नको आहे’ हे साडेतीन वर्षांच्या मुलीला समजावायला याहून चांगला मास्तर कुठे मिळणार? बाहेर पडताना साबणाने हात धुवायचे, हाही धडा तिथेच.

आता वाघाचं. बाबांच्या डोक्यात जे झू आहे ते पेशवे पार्क. माझ्याही आहे. सारसबागेला लागून, १९५६ साली सुरू झालेली फुलराणी, आणि पिंजऱ्यात इकडून तिकडे, तिकडून इकडे येरझाऱ्या घालणारा वाघ. आम्हाला वाटायचं, काय रुबाब आहे! तो रुबाब नव्हता. कोंडलेल्या प्राण्याच्या ताणाची ती ओळखीची खूण आहे. १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं, नियम आले, आणि पुढे पेशवे पार्कातले प्राणी कात्रजला गेले. बरं झालं. आठवणी गोड आहेत म्हणून तो पिंजरा चांगला ठरत नाही.

पांढऱ्या वाघाचं तर आणखी अवघड. ‘दुर्मिळ, वाचवायला हवा’ असं आपण समजतो. ती वेगळी जात नाही. १९५१ साली रीवाच्या महाराजांनी पकडलेल्या मोहन नावाच्या बछड्यापासून, नात्यातल्या नात्यात जोड्या लावून ती पैदास झाली. अनेक व्यंगं त्यातूनच. जंगलाला त्याचा उपयोग शून्य, गर्दी खेचायला मात्र हुकमी. आमच्या भाषेत सांगायचं तर फक्त डेमोसाठी बनवलेलं फीचर. अमेरिकेतल्या झूंच्या संघटनेने २०११ साली आपल्या सदस्यांना ही पैदास बंद करायला लावली.

‘मग मुलांना वाघ कळणार कसा?’ पुस्तकातून, फिल्ममधून, आणि जमेल तेव्हा ताडोब्याला जाऊन. नाही दिसला तर नाही दिसला. तो न दिसणं हाही वाघाच्या ओळखीचा भागच आहे की! उलट बिल्डिंगमध्ये वाढणाऱ्या मुलांनी जिवंत कोंबडी, शेळी, बदक हात लावून पाहिलेलं नसतं, आणि तो खड्डा भरणं कुठल्याही नगरपालिकेच्या बागेला परवडेल. वाघाचा खर्च आणि जागा दोन्ही नाही परवडत.

बाबांना यातलं काहीही पटलेलं नाही. डिसेंबरात पुण्याला गेलो की ते नातीला कात्रजला वाघ दाखवणार आहेत. दाखवू देत. १३० एकरांच्या जागेबद्दल माझी एवढी तक्रार नाही. फक्त बुधवारी जाऊ नका म्हटलं, बुधवारी बंद असतं.