बुरिटो मोठा कसा होतो?

"सर, हॉटेलांतल्याएवढा मोठा बुरिटो घरीं कां जमत नाहीं? आमचा नेहमीं फुटतो," असें आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं आम्हांस विचारलें. प्रश्न खाण्याचा असला, तरी त्यांत विचार करण्याजोगें पुष्कळ आहे. म्हणून त्याचें उत्तर या अंकांत सर्वांसाठींच देत आहों.

बुरिटो हा पदार्थ मूळचा उत्तर मेक्सिकोंतील. स्पॅनिश भाषेंत या शब्दाचा अर्थ 'छोटें गाढव' असा होतो. मक्याची पोळी त्या देशांत सर्वत्र आहे. परंतु सोनोरा, चिवावा अशा उत्तरेकडील प्रांतांत स्पॅनिश लोकांनीं नेलेला गहू चांगला रुजला, व गव्हाच्या पोळींत थोडें मांस अथवा शिजवलेला राजमा गुंडाळून खाण्याची रीत पडली. तो बुरिटो आजही बहुधा सडपातळच असतो. त्याचें धिप्पाड रूप अमेरिकेंतील सॅन फ्रॅन्सिस्को शहराच्या 'मिशन' नामक वस्तींत १९६० च्या दशकांत उदयास आलें. तेथें पोळी मोठी झाली, ती वाफेवर मऊ करूं लागले, आणि मांस व राजमा यांच्या जोडीस भातही आला.

आमचे विद्यार्थी सारण वाढवितात व पोळी तीच ठेवितात, ही पहिली चूक. दुसरी गणितानें कळते. पोळीचा व्यास ८ इंचांवरून १२ इंचांवर नेला, म्हणजे तिचें क्षेत्रफळ सव्वादोनपट होतें. पण गुंडाळीची लांबी व जाडी त्याच प्रमाणांत वाढविली, तर सारण तिपटीहून अधिक लागतें. अर्थात् पोळीच्या प्रत्येक भागावर पूर्वीच्या दीडपट भार पडतो. पोळी जाड करावी, तर ती दुमडतांना तडकते. म्हणून ती पातळ, परंतु चिवट व लवचिक हवी.

यासाठीं मैद्यांत मीठ व थोडें तेल घालून कोमट पाण्यानें पीठ पुष्कळ वेळ मळावें. त्यायोगें गव्हांतील ग्लूटेन नांवाचें चिकट द्रव्य बळकट होतें. मग अर्धा तास झांकून ठेवावें, नाहींतर लाटलेली पोळी आखडते. सोनोरांतील स्त्रिया अशी पोळी हातांवर ताणून फार मोठी करितात. आमच्या खानदेशांतील मांडे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस हें कौशल्य नवें वाटणार नाहीं. पोळी तव्यावर थोडाच वेळ भाजून फडक्यांत गुंडाळून ठेवावी. सारण कोरडें असावें. कडेला चार बोटें जागा मोकळी सोडावी, दोन्ही बाजू आंत दुमडाव्या व मग घट्ट वळावें.

मोठा म्हणजे किती मोठा? मेक्सिकोंतील ला पाझ शहरीं २०१० सालीं सुमारें ५,८०० किलो वजनाचा बुरिटो करण्यांत आला. असला पदार्थ एकाच्या पानांत वाढावयाचा नसतो, हें उघड आहे. पण हीच गोष्ट आम्ही विसरलों. गतवर्षीं संमेलनाच्या वेळीं सर्वांत मोठ्या बुरिटोची चढाओढ आम्हींच लाविली व बक्षीसही दिलें. सायंकाळीं अर्धवट खाल्लेले तुकडे बादलींत भरतांना वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाईंनीं आमच्याकडे एकदां पाहिलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. आम्हांस फार लाज वाटली. चूक मुलांची नव्हती, आमची होती.

यास्तव आमचें मत असें आहे कीं, बुरिटो अवश्य मोठा करावा, परंतु तो कापून चौघांनीं खावा. पालकांनींही मुलाच्या ताटांत त्याच्या भुकेएवढाच वाढावा. आणखी लागला तर मागून घेतां येतो. यंदाच्या चढाओढींत बक्षीस मिळेल तें न फुटतां वळलेल्या व शेवटच्या घासापर्यंत संपलेल्या बुरिटोस.