थंडीतला टर्बो आणि वॉरंटीचा कागद

डिसेंबर-जानेवारीत पूर्णेत फजरनंतर बाहेर पडलं की थंडी हाडात शिरते. अशा वेळी डिझेल जीप चालू करून लगेच शेताच्या वाटेवर पळवू नका. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो, तेही ऑइलच्या पातळ थरावर. थंडीत ऑइल घट्ट होतं, टर्बोपर्यंत उशिरा पोहोचतं. म्हणून गाडी अर्धा-एक मिनिट चालू ठेवून मग निघा, सुरुवातीला सावकाश चालवा. ओझं ओढून आल्यावर बंद करतानाही मिनिटभर थांबा.

गेल्या हिवाळ्यात आमच्या जीपचा टर्बो गेला. वॉरंटी शिल्लक होती. पण ऑइल बाहेर बदललेलं, बिल नव्हतं. दावा नाकारला गेला. खर्च अब्बांनी ऊसाच्या पैशातून भागवला.

तेव्हा पुस्तिकेत सांगितलेलंच ऑइल टाका आणि तारीख, किलोमीटर लिहिलेलं प्रत्येक बिल जपा. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार २ वर्षांच्या आत परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पोटासाठी स्वतः गाडी चालवणाऱ्यालाही हा हक्क आहे. पण तिथेही आधी कागदच विचारतात.