कोणती फाईल कोणाच्या हाती?

गुलमंडी असो वा जाधववाडीचा मोंढा, छत्रपती संभाजीनगरच्या पेढ्यांवर लाल बांधणीच्या चोपडीशेजारी आता संगणक स्थिरावला आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून करभरण्याच्या फायली तर नित्याच्याच झाल्या. जीएसटीच्या संकेतस्थळावरून ‘जेसन’ येते, बँकेकडून खातेउताऱ्याची ‘सीएसव्ही’ येते, आणि आयकराचा २६एएस मजकुराच्या रूपात घेतल्यास प्रत्येक रकान्यामध्ये ‘^’ हे चिन्ह दिसते. या तिन्ही फायली मुळात साधा मजकूरच होत.

फाईल कोणत्या प्रोग्रामने उघडायची, हे विंडोज तिच्या नावातील शेवटच्या टिंबानंतरच्या अक्षरांवरून ठरवते. ती अक्षरे अपरिचित असली, की ‘कशाने उघडू?’ असा प्रश्न पडद्यावर येतो. घाईने दिलेले उत्तर मात्र महागात पडू शकते.

सीएसव्ही थेट एक्सेलमध्ये उघडली, तर खाते क्रमांकाच्या आरंभीची शून्ये गळतात. एक्सेल संख्येचे १५ अंकच जपते. म्हणून सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. तशीच फाईल जतन केली, की मूळ क्रमांक त्या फाईलपुरता नाहीसाच झाला. त्याच क्रमांकावर रक्कम पाठवण्याची वेळ आली, तर चुकीची किंमत कळते. अशा फायलीची आधी प्रत काढावी. एक्सेलमध्ये घेताना ‘डेटा’ विभागातून आणावी आणि क्रमांकाच्या रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ ठेवावा.

केवळ वाचण्यासाठी नोटपॅड पुरेसे आहे. फायलीवर उजवी कळ दाबून ‘ओपन विथ’, मग ‘चूज अनदर अॅप’ निवडावे. नोटपॅडवर बोट ठेवून एकदाच उघडायचे असल्यास ‘जस्ट वन्स’, कायमचे ठरवायचे असल्यास ‘ऑलवेज’. हा निर्णय त्या एका प्रकारापुरता असतो, फायलीतील मजकूर त्याने बदलत नाही, आणि तो केव्हाही फिरवता येतो.

याच सोयीत संरक्षणही दडले आहे. ‘बिल.पीडीएफ’ असे दिसणाऱ्या फायलीचे खरे नाव ‘बिल.पीडीएफ.जेएस’ असू शकते. कारण परिचित प्रकारांची शेवटची अक्षरे विंडोज सहसा लपवते. ‘जेएस’ फाईल दोनदा टिचकताच आज्ञा म्हणून चालू लागते. तिच्यासाठी नोटपॅड नेमून ठेवले, तर ती चालत नाही, नुसती वाचायला उघडते. त्यासोबत ‘व्ह्यू’मधील ‘शो’ या यादीत ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करावी, म्हणजे पूर्ण नाव दिसते.

पेढीवर अनोळखी माणसाला मुनीम आधी नाव-गाव विचारतो, मग गादीवर बसवतो. संगणकावरील अनोळखी फायलीलाही तोच रिवाज लागू करणे हिताचे.